कार्यालयातील फोनचा आवाज तुटतो: बँडविड्थ वाढवावी की क्यूओएस लावावे?

प्रश्न – वागळे_हिशेबनीस

नमस्कार. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये आमचे सीए कार्यालय आहे. माणसे २२, आयपी फोन (इंटरनेटवरून चालणारे) ८, मजले दोन आणि फायबरचे एकच कनेक्शन, ज्यावर डाउनलोडला १०० आणि अपलोडला २० एमबीपीएस मिळतात. सकाळी सगळे सुरळीत असते. संध्याकाळी पाचनंतर, विशेषतः विवरणपत्रे भरण्याच्या शेवटच्या आठवड्यात, पलीकडच्या माणसाला आमचा आवाज तुटक ऐकू जातो. त्याचा आवाज मात्र आम्हाला स्वच्छ येतो. त्याच वेळी स्कॅन केलेली कागदपत्रे क्लाउडवर चढत असतात.

नेटवाला म्हणतो, प्लॅन दुप्पट करा. हार्डवेअर पुरवणारे गृहस्थ म्हणतात, क्यूओएस (कोणत्या डेटाने आधी जायचे ते ठरवण्याची सोय) असलेला महाग राउटर घ्या. आमच्या सध्याच्या राउटरमध्येही क्यूओएसचा पर्याय सापडला, म्हणून मी व्हॉइसला सर्वोच्च प्राधान्य देऊन पाहिले. काडीचाही फरक पडला नाही. नेटवाला दरमहा जो आलेख पाठवतो त्यात अपलोडचा वापर ३५ टक्क्यांच्या वर गेलेला दिसत नाही. रस्ता दोनतृतीयांश मोकळा असेल तर गाड्या अडकतात कुठे, हे मला समजत नाही. शिवाय एका सहकाऱ्याच्या मते एका प्रकारच्या डेटाला प्राधान्य देणे हेच नेट न्यूट्रॅलिटीच्या (सर्व डेटाला समान वागणूक देण्याच्या तत्त्वाच्या) विरुद्ध आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर – महापे_रात्रपाळी

आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. तुमचा आवाज तिकडे तुटतो आणि तिकडचा इकडे तुटत नाही, याचा अर्थ दोष अपलोडच्या दिशेला आहे. आता हिशेब पाहू. जी.७११ या आवाज-संकेतन पद्धतीने बोलणारा फोन दर २० मिलिसेकंदांना एक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) पाठवतो. त्यात आवाजाचे १६० बाइट आणि वरचे शीर्षक (पत्ता वगैरे) ४० बाइट, म्हणजे सेकंदाला ५० पॅकेटे आणि सुमारे ८० केबीपीएस. आठही फोन एकदम चालू असले तरी ६४० केबीपीएस होतात, जे तुमच्या २० एमबीपीएसच्या साडेतीन टक्केही नाहीत. म्हणजे आवाजासाठी बँडविड्थ कमी पडण्याचे कारणच नाही. कमी पडतो आहे तो वेळ.

क्लाउडवर फाइल चढवणारा संगणक टीसीपी (डेटा पाठवण्याची नियमावली) वापरतो, आणि टीसीपीचा स्वभाव असा की पॅकेट गळेपर्यंत वेग वाढवत राहायचे. वाटेतल्या उपकरणात बफर (पॅकेटे तात्पुरती ठेवण्याची जागा) मोठा असेल तर पॅकेट गळत नाही, नुसते रांगेत साचते. समजा १ मेगाबाइटची रांग साचली; २० एमबीपीएसच्या दराने ती रिकामी व्हायला ४०० मिलिसेकंद लागतात आणि मागून आलेले तुमच्या फोनचे इवलेसे पॅकेट तेवढा वेळ तिष्ठत उभे राहते. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या जी.११४ शिफारशीत चांगल्या संभाषणासाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा असे म्हटले आहे. त्याहून त्रासदायक म्हणजे ही रांग एकसारखी नसते, ती क्षणात फुगते आणि क्षणात ओसरते. हा चढउतार म्हणजेच जिटर. पलीकडचा फोन काही दहा मिलिसेकंद वाट पाहतो; त्यानंतर आलेले पॅकेट पोहोचूनही हरवल्यातच जमा असते. या साचण्याला २०१० च्या सुमारास संगणकतज्ज्ञ जिम गेटिस यांनी बफरब्लोट हे नाव रूढ केले.

आलेखावर विश्वास ठेवू नका. तो बहुधा पाच मिनिटांची सरासरी दाखवतो. पाचपैकी दीड मिनिट लाइन पूर्ण भरली आणि उरलेला वेळ रिकामी राहिली, तर सरासरी ३० टक्के दिसते, पण त्या दीड मिनिटात ज्याचा फोन चालू होता त्याने काय ऐकले ते आलेखात येत नाही.

आता तुमचे प्राधान्य का लागू पडले नाही? कारण रांग तुमच्या राउटरमध्ये नाहीच. राउटरपासून फायबरच्या डब्यापर्यंतची केबल १ जीबीपीएसची आहे, त्यामुळे राउटर आलेले पॅकेट लगेच पुढे ढकलतो. खरी अडचण डब्यापाशी किंवा त्यापलीकडे होते. ज्याच्याकडे रांगच नाही तो कोणाला पुढे घेणार? कोंडी गायमुखला आणि हवालदार कापूरबावडीला, असा हा प्रकार आहे. उपाय एवढाच की रांग स्वतःच्या हातात आणायची. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा मुद्दाम १८ एमबीपीएस ठेवा. मग रांग तुमच्या राउटरमध्ये लागेल आणि तिथे कोणी आधी जायचे ते तुम्ही ठरवाल. एफक्यू-कोडेल किंवा केक ही रांग-पद्धत उपलब्ध असेल तर तीच निवडा. कोडेल पद्धत कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडली. ती रांगेची लांबी न मोजता पॅकेट किती वेळ ताटकळले ते मोजते, आणि हा विलंब १०० मिलिसेकंदांच्या अवधीत एकदाही ५ मिलिसेकंदांखाली उतरला नाही तर पॅकेटे मुद्दाम टाकून देऊ लागते. त्यामुळे टीसीपीला वेळीच इशारा मिळतो.

आधी मोजा, मग बदला. एका संगणकावरून पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवा आणि दुसऱ्यावरून मोठी फाइल चढवा. फाइल चढत नसताना आणि चढत असताना, असे पिंगचे दोन्ही आकडे इथे लिहा.

उत्तर – ऐरोलीचे_मास्तर

वरचे विवेचन योग्य आहे. त्यात थोडी भर घालतो. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात हा विषय बरीच वर्षे शिकवला आणि प्रत्येक वर्गात विद्यार्थ्यांचा एकच गैरसमज आढळे, की क्यूओएस लावले म्हणजे नेट वेगवान होते. क्यूओएसने क्षमता तसूभरही वाढत नाही. रांगांच्या गणिताचे अभ्यासक लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९६५ मध्येच दाखवून दिले होते की रांगेचा क्रम बदलून एकाचा विलंब कमी केला तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्याला जातो. तुमच्या बाबतीत हा सौदा फायद्याचा आहे, कारण फाइल दोन सेकंद उशिरा चढली तर कोणाचे बिघडत नाही.

इंटरनेटवर सेवेची हमी देण्याचे दोन मोठे प्रयत्न झाले. १९९४ मध्ये मांडलेल्या इंटसर्व्ह पद्धतीत प्रत्येक प्रवाहासाठी (एक कॉल, एक फाइल अशा प्रत्येक देवाणघेवाणीसाठी) वाटेवरच्या प्रत्येक राउटरकडे जागा राखून ठेवायची होती, आणि त्यासाठी १९९७ मध्ये आरएसव्हीपी हा प्रोटोकॉल प्रमाणित झाला. कल्पना देखणी होती, परंतु मधल्या राउटरांना लाखो प्रवाहांची नोंद सांभाळावी लागली असती, म्हणून ती मोठ्या जाळ्यांत टिकली नाही. १९९८ च्या डिफसर्व्हने ही महत्त्वाकांक्षा सोडली: पॅकेटच्या शीर्षकातील सहा बिटांत फक्त वर्ग लिहायचा आणि प्रत्येक राउटरने त्या वर्गाला साजेसे वागवायचे. सहा बिटांत ६४ मूल्ये बसतात. आवाजासाठी प्रचलित मूल्य ४६. मात्र तुमच्या फोनने ४६ लिहिले म्हणून पुढच्या कंपनीने ते मानलेच पाहिजे असे नाही; साध्या ब्रॉडबँडवर सीमा ओलांडताच ते बहुधा पुसले जाते. वर्गवार हमी हवी असेल तर तसा करार असलेली एमपीएलएस लाइन (कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातून जाणारी खास जोडणी) घ्यावी लागते आणि तिचे पैसेही तसेच मोजावे लागतात.

नेट न्यूट्रॅलिटीबद्दल सहकाऱ्याला निश्चिंत करा. दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०१६ मध्ये भेदभावाच्या दरांना मनाई केली आणि जुलै २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने व्यापक तत्त्वे स्वीकारली, ती सेवा देणाऱ्या कंपन्यांसाठी आहेत. आपल्या कार्यालयात फोन आधी की स्कॅन आधी, हे ठरवण्याचा अधिकार तुमचाच आहे.

उत्तर – घोडबंदर_रहिवासी

मी थोडा विरोधी सूर लावतो. आमच्या सोसायटीच्या कार्यालयात मी क्यूओएसचे नियम लिहिण्यात तीन रविवार घालवले आणि शेवटी अपलोडही १०० एमबीपीएस असलेला प्लॅन घेतला. त्या दिवसापासून तक्रार नाही. दोन प्लॅनमधील फरक महिन्याला काही शे रुपयांचा असेल तर माणसाच्या वेळेची किंमत त्याहून जास्त आहे.

उत्तर – महापे_रात्रपाळी

घोडबंदरकरांचा मुद्दा व्यवहारी आहे आणि रांग सिद्धान्त त्यांच्या बाजूनेही बोलतो. पॅकेटे यादृच्छिकपणे येतात असे धरणाऱ्या सर्वांत साध्या गणितात लाइन ५० टक्के भरलेली असताना पॅकेटचा एकूण वेळ रिकाम्या लाइनच्या दुप्पट होतो, ९० टक्क्यांना दहापट आणि ९५ टक्क्यांना वीसपट. म्हणून गर्दीपासून दूर राहणे हाही क्यूओएसचाच एक मार्ग आहे आणि मोठ्या कंपन्या आपल्या जाळ्यांच्या गाभ्यात बऱ्याचदा तोच वापरतात. पण क्लाउडवर फाइल चढवणारे सॉफ्टवेअर मिळेल तेवढी जागा व्यापते. १०० एमबीपीएस दिले तर ते १०० भरील. रांग पाचपट लवकर ओसरेल, नाहीशी होणार नाही. प्लॅन घ्या, पण मर्यादा त्यावरही लावा.

प्रश्नकर्ता – वागळे_हिशेबनीस

सर्वांचे आभार. शनिवारी कार्यालय रिकामे असताना मोजणी केली. नुसता पिंग ५ मिलिसेकंद. फाइल चढत असताना ३९० च्या आसपास. राउटरमध्ये अपलोड १८ एमबीपीएसवर बांधून एफक्यू-कोडेल निवडल्यावर तीच फाइल चढताना ९ ते १४. सोमवारी पूर्ण गर्दीतही खालच्या मजल्यावरील पाचही फोन स्वच्छ चालले. नवा राउटर घेतला नाही, प्लॅनही तोच आहे. वरच्या मजल्यावरील तीन फोन मात्र अजून अधूनमधून तुटतात. ते वायफायवर आहेत. डाउनलोडलाही अशीच मर्यादा लावावी काय?

उत्तर – महापे_रात्रपाळी

डाउनलोडची रांग कंपनीच्या टोकाला असते, त्यामुळे तिथे ताबा अप्रत्यक्षच राहतो: तुम्ही आत येणारा वेग थोडा कमी धरला की टीसीपी पाठवणाराच मंदावतो. सध्या तक्रार नाही, तर ते उघडू नका. १०० एमबीपीएसला मर्यादा बांधताना प्रोसेसरवर भार न टाकता पॅकेटे पुढे नेणारी राउटरची हार्डवेअर-सोय बंद करावी लागते आणि जुन्या राउटरचा प्रोसेसर दमतो.

वरच्या मजल्याचा प्रश्न वेगळा आहे. तिथे रांग तारेत नसून हवेत आहे आणि त्या हवेत शेजारच्या गाळ्यांचे राउटरही बोलत असतात. वायफायमध्ये आवाज, व्हिडिओ, सामान्य आणि पार्श्वभूमी असे चार वर्ग आहेत, ते २००५ च्या ८०२.११ई मानकातून आले. गंमत अशी की अनेक उपकरणे वर्ग ठरवताना डीएससीपीचे (मास्तरांनी सांगितलेल्या त्या सहा बिटांचे) फक्त पहिले तीन बिट पाहतात. ४६ म्हणजे १०१११०. पहिले तीन बिट १०१, म्हणजे ५, आणि वायफायच्या हिशेबात ५ हा आवाज नसून व्हिडिओचा वर्ग ठरतो. तुमच्या ॲक्सेस पॉइंटमध्ये (वायफाय देणाऱ्या डब्यात) ही जुळवणी बदलता येत असेल तर ४६ ला ६ वर, म्हणजे आवाजाच्या वर्गात, न्या, फोन ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, आणि २.४ वरच राहायचे असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी एकच चॅनेल निवडा.

तीनच फोन असतील तर मी हे काहीही न करता वर केबल ओढून घेईन. आणि एक गोष्ट: १८ हा आकडा आजच्या प्लॅनचा आहे. उद्या नेटवाल्याने वेग वाढवला तरी तुमचा राउटर १८ वरच अडून बसेल आणि तुम्ही त्याच्याशी भांडत राहाल, म्हणून राउटरवर पट्टी चिकटवून आकडा आणि तारीख लिहून ठेवा.