"आता वय झालं, तुम्ही बसा" – ही काळजी की नुकसान?

अनघा:
बऱ्याच दिवसांपासून मनात आहे म्हणून लिहितेय. सासरे ७४ चे आहेत, दोन्ही हात दांड्यावर रेटून खुर्चीतून उठायला लागले की घरातलं कोणीतरी धावतंच, काखेत हात घालून उभं करतं, नाहीतर "बसा हो, काय हवंय ते मी आणते". सगळे प्रेमाने करतात, पण माझं स्पष्ट मत आहे की याच प्रेमाने माणूस लवकर अंथरुणाला लागतो. साठीनंतर स्नायू असेही भराभर कमी होतात आणि त्यात वापर थांबला की संपलंच. २००७ साली एक अभ्यास आला होता, धडधाकट ज्येष्ठांना १० दिवस नुसतं झोपवून ठेवलं तर पायांचं मांस जवळजवळ १ किलोने घटलं. फक्त १० दिवसांत! जागतिक आरोग्य संघटना पण २०२० पासून सांगतेय की पासष्टीपुढे आठवड्याला निदान १५० मिनिटं चालणं वगैरे आणि शिवाय ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम हवेत. मग आपण उलटं का करतो?

रवी के:
अजिबात पटलं नाही. आई ७९ ची, एकदा बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर काय काय भोगलं ते आमचं आम्हाला माहीत. पडल्यामुळे जगात वर्षाला ६ लाख ८४ हजार माणसं जातात आणि त्यात साठीच्या पुढचेच सगळ्यात जास्त, हा आकडापण त्याच संघटनेचा आहे. तोल गेला तर तुमची १५० मिनिटं काय कामाची? मी तर हात धरणारच.

फिजिओवाली:
रवीदादा, तुमची भीती खरी आहे, रोज बघते. पण पाय कमजोर झाले की माणूस पडतो, पडायच्या भीतीने हालचाल बंद करतो आणि मग पाय अजून कमजोर होतात. १९९० मध्ये नव्वदीच्या आसपासच्या १० जणांना ८ आठवडे पायांनी वजन उचलायचा व्यायाम दिला होता, ९ जणांनी पूर्ण केला आणि त्यांची ताकद सरासरी दुपटीच्या वर गेली. छोटा प्रयोग आहे मान्य, पण २०१४ चा मोठा पण आहे, ७० ते ८९ वयाचे १६३५ लोक, चालणं आणि ताकदीचे व्यायाम करणाऱ्यांत चालणं बंद पडायचा धोका १८ टक्के कमी निघाला. आणि एक विचारते, आईंना झोपेची गोळी चालू आहे का? तोल जाण्यामागे ती पण असते, आणि घरचे लोक फक्त फरशीला दोष देत बसतात.

विश्वनाथ:
मी स्वतः ७६ चा. वरचं सगळं वाचलं, सगळे आमच्याबद्दलच बोलताय पण आम्हाला काय हवंय ते एकानेही विचारलेलं नाही. एक म्हणते उठवा, एक म्हणतो धरा. मला कमी ऐकू यायला लागलं तेव्हा मी बाहेर जाणंच सोडलं होतं, पायात जोर होता तरी, कारण चार माणसांत बसून नुसती मान हलवायची लाज वाटायची. कानाचं मशीन घेतलं आणि आपोआप चालणं सुरू झालं, व्यायाम कर म्हणून कोणी सांगावं लागलं नाही. लॅन्सेट या वैद्यकीय मासिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाची, म्हणजे म्हातारपणी स्मरणशक्ती जायच्या आजाराची, टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात कमी ऐकू येणं आहे, दृष्टी जाणं आहे, एकटेपणा पण आहे. आधी कान, डोळे, माणसं. व्यायामाचं नंतर बघू.

अनघा:
काका, विचारायला हवं हे शंभर टक्के मान्य. पण "नंतर" नको ना, तोपर्यंत पाय जातात. दोन्ही एकदम का नाही?

रवी के:
गोळी चालू आहे, दोन वर्षं झाली. डॉक्टरांना विचारतो. पण कोणी शिकवायला समोर असेल तेव्हाच व्यायाम, बाकी वेळ हात धरणं मी सोडणार नाही.

फिजिओवाली:
सोडू नका, पण गोळी एकदम स्वतःहून बंदही करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतील. आणि हात धरायची पद्धत बदला. काखेतून ओढू नका, तुमचा हात पुढे करा आणि तो आईंना धरू द्या, पाय मागे घेऊन पुढे वाकून त्यांचं त्यांना उठू दे. वेळ लागेल, लागू दे.