पिंजऱ्याचे गज आणि पिल्लांचा क्रेट

बिबट्या पकडायच्या पिंजऱ्याबद्दल या चर्चेत कुणीतरी वर लिहिलंय, ‘गज जाड घ्या, म्हणजे बिबट्या सुटणार नाही’. हा मुद्दा मला अपुरा वाटतो. जाडीपेक्षा दोन गजांमधलं अंतर महत्त्वाचं. अडकलेला बिबट्या घाबरून गज चावतो, फटीतून पंजा घालून ओढतो. त्यात सुळे तुटतात, नखं उपटतात. असं जनावर परत सोडलं तरी शिकार कशी करणार? म्हणून आतून सपाट पत्रा, हवेला लहान गोल भोकं आणि वेल्डिंगची टोकं ग्राइंडरनं घासलेली हवीत. दाराखाली थोडी फट राहील असा अडथळाही हवा, नाहीतर शेपूट चिरडते. गर्दी जमली की आधी पिंजऱ्यावर जाड कापड टाका. अंधारात तो लवकर शांत होतो.

पिल्लांचा विषय मात्र इथे कुणीच काढला नाही. कराड, पाटण, शिराळ्याकडे ऊसतोडीत पिल्लं सापडतात, आणि तिथे लोखंडी पिंजरा कामाचा नाही. मादीनं पिल्लं परत न्यावीत म्हणून ती भाजीच्या हलक्या प्लास्टिक क्रेटमध्ये घालून, तो त्याच फडात, दिवस मावळताना ठेवायचा. झाकण नुसतं टेकवलेलं, कडी अजिबात नको, कारण क्रेट मादीला पंजानं उलटता आला पाहिजे. आमच्या भावकीच्या फडात वनखात्याच्या माणसांनी असाच क्रेट ठेवून कॅमेरा लावला होता. मादी अंधार पडल्यावर आली, क्रेट पाडला, एक पिल्लू मानेला धरून नेलं आणि थोड्या वेळानं दुसऱ्यासाठी परत आली. कुत्र्यांच्या भीतीनं कडी लावायचा आग्रह तिथेही झाला होता. त्यापेक्षा गावातली कुत्री रात्रभर बांधून ठेवा.