गुण देण्याआधी बाटली गार करा
'हजाराच्या आतली रेड वाइन म्हणजे घशाला नुसता जाळ' असं एकाचं मत वाचलं, मला ते अजिबात पटलं नाही. रेड 'रूम टेम्परेचर'ला प्यावी म्हणतात ती खोली युरोपातली, १६-१८ अंशांची. ठाण्यात मे महिन्यात घरात तीसच्या वर पारा असतो. एवढ्या उबेत अल्कोहोलच नाकात जातं, फळाचा वास दबून जातो. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग गुण द्या.

घोडबंदर रोडला आम्ही मित्र जमतो तेव्हा बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळतो, लेबल आणि किंमत झाकण्यासाठी. तिखट चकणा बाजूला. मिरचीने टॅनिन, म्हणजे रेड वाइनमधला तुरटपणा आणणारा घटक, आणखी बोचतं. नुसता पाव पुरे. माझे सर्वाधिक गुण जॉर्जिया देशातल्या सापेरावी द्राक्षाच्या वाइनला. या द्राक्षाचा गरसुद्धा लाल, म्हणून रंग शाईसारखा गडद, आणि आंबटपणा खणखणीत. उरुग्वेची तन्ना द्राक्षाची वाइन रांगडी आहे, तासभर आधी डिकँटरमध्ये, म्हणजे काचेच्या सुरईत, ओतून ठेवाच. पोर्तुगालच्या दाँव भागातली वाइन त्यामानाने मऊ.

पण आयात बाटलीवर सीमाशुल्क जबर असतं. पैसा वसूल हाच निकष असेल तर नाशिक सोडून अकलूजकडे बघा. तिथली सांजोवेझे द्राक्षाची रेड मी पाहुण्यांना बिनधास्त देतो.