पोलंडला रशिया नको, मग हंगेरीला कसा काय चालतो?

नाईटशिफ्टवाला: मंडळी, डोक्यात भुंगा शिरलाय. मालाडला नाईट शिफ्ट करतो, टीममधे एक पोलंडच्या वॉर्सॉची आहे नि एक हंगेरीच्या बुडापेस्टचा. परवा कॉल सुरू व्हायच्या आधी कुणीतरी गॅसच्या बिलाचा विषय काढला आणि दोघांची अशी काही जुंपली की मॅनेजरने दोघांना म्यूट केलं. मला कळत नाहीये की दोन्हीकडे कम्युनिस्ट राजवट होती, दोघं 1999 ला नेटोत नि 2004 ला ईयूत एकत्रच गेले, मग 2022 ला पोलंडने युक्रेनला रणगाडे दिले आणि हंगेरीचा तेव्हाचा पंतप्रधान ऑर्बान मात्र पुतीनकडून गॅस घेत रशियावरच्या निर्बंधांना आडवा गेला, असं का? 1956 ला रशियाचे रणगाडे बुडापेस्टातच घुसले होते ना?

गिरगावकर_काका: अरे पाईपलाईन बघ म्हणजे कळेल. पोलंडला समुद्र आहे, त्यांनी बाल्टिकच्या किनाऱ्यावर एलएनजी (जहाजाने येणारा द्रवरूप गॅस) टर्मिनल बांधून ठेवलं होतं, त्यामुळे रूबलमधे पैसे द्यायला नाही म्हटलं म्हणून गॅझप्रॉमने (रशियाची सरकारी गॅस कंपनी) एप्रिल 2022 ला गॅस तोडला तरी त्यांचं अडलं नाही, आणि त्याच वर्षी नॉर्वेचा गॅसपण आला. हंगेरीला चारी बाजूंनी जमीन. 2021 ला गॅझप्रॉमशी 15 वर्षांचा करार, पाक्शचा अणुप्रकल्प सोव्हिएत काळातला, त्याचं नवीन कामही 2014 ला रशियालाच दिलं. (आमच्या लहानपणी सोव्हिएत मासिकं यायची, गुळगुळीत कागद, वह्यांना कव्हरं झकास व्हायची. आत काय लिहिलंय ते कोण वाचतंय.)

करवीरची_सून: काका, समुद्र चेक रिपब्लिकला तरी कुठाय? त्यांनी इटलीकडून येणाऱ्या तेलाच्या पाईपलाईनची क्षमता वाढवून घेतली नि 2025 ला रशियाचं तेल बंद केलं. हंगेरीलाही क्रोएशियाकडून तेलाचा पाईप आहेच की. म्हणजे मुद्दा इच्छेचा आहे. आणि गंमत बघा, 1989 ला इम्रे नाज्यच्या (1956 च्या उठावातला पंतप्रधान, ज्याला नंतर फाशी दिलं) पुनर्दफनाच्या वेळी सोव्हिएत सैन्याने चालतं व्हावं असं भर चौकात बोलणारा पोरगा म्हणजे हाच ऑर्बान!

खरं दुखणं कोणाचं कुठे आहे ते बघा. पोलंडचं आहे 1939, म्हणजे हिटलरपाठोपाठ स्टालिननेही केलेली चढाई, आणि कातिन, जिथे सोव्हिएत गुप्त पोलिसांनी केलेल्या पोलिश कैद्यांच्या हत्याकांडाचं नाव पडलं; जवळपास 22 हजार माणसं मारली आणि मॉस्कोने 1990 पर्यंत कबूलच केलं नाही. माझं माहेर कोल्हापूर, तिथे वळिवड्याला महायुद्धात पोलिश निर्वासितांचा कॅम्प होता, सुमारे 5000 लोक, स्टालिनने घरातून उचलून सैबेरियात टाकलेले, तिथून सुटून इराणमार्गे आलेले. ज्यांच्या घरात या गोष्टी आहेत ते मॉस्कोवर कसा विश्वास ठेवतील?

हंगेरीचं दुखणं ट्रायनॉन. 1920 च्या त्या तहात दोन तृतीयांश मुलूख गेला, त्यातला एक तुकडा आज युक्रेनमधे आहे आणि तिथे हंगेरियन लोक राहतात. 2017 ला युक्रेनने शाळांमधल्या अल्पसंख्याकांच्या भाषांना आवर घालणारा कायदा केल्यावर भडकाच उडाला. आपल्याकडे बेळगावचं नाव काढलं की काय होतं ते आठवा आणि त्याला दहाने गुणा. म्हणजे राग रशियापेक्षा शेजाऱ्यांवर जास्त, आणि ऑर्बानने त्यावर मतं मिळवली.

गिरगावकर_काका: चेकचा मुद्दा मान्य. पण स्वस्त गॅसवर निवडणुका जिंकता येतात, हेही लिहा ना.

करवीरची_सून: लिहिलं समजा 😄

नाईटशिफ्टवाला: भारी! आज कॉलवर बुडापेस्टवाल्याला ट्रायनॉनबद्दल विचारतोच.

करवीरची_सून: नको रे बाबा, सकाळची लोकल चुकेल तुझी.