टोरेंट रडतंय, पण दोष नक्की कुणाचा?

साडेतीन_शहाणा (धागाकर्ता)

परवा मेहुण्याचा फोन. "दाजी, नवीन फायबर घेतलं १०० एमबीपीएसचं, आणि टोरेंट ८० केबीवर रडतंय. कंपनी चोर आहे."

(टोरेंट म्हणजे एका सर्व्हरऐवजी लोकांनी एकमेकांच्या संगणकांवरून तुकड्यातुकड्यानं फाइल उतरवणं.) म्हटलं, स्क्रीनचा फोटो पाठव. अपलोड मर्यादा ५ केबी. एकाच वेळी २२ टोरेंट चालू. पोर्ट (बाहेरच्यांनी जोडायचं दार) बंद, म्हणून खालच्या पट्टीत पिवळी ज्योत. लॅपटॉप वायफायवर, तेही २.४ गिगाहर्ट्झ, आणि राउटर दोन भिंतींपलीकडे देव्हाऱ्याच्या वर. आता यात कंपनीनं काय चोरलं?

माझं मत सरळ आहे, पटलं नाही तर भांडा. वेग मिळाला नाही की आपण खापर कंपनीवर फोडतो, पण बहुतेक वेळा गळती घरातच असते. ब्रॅम कोहेननं २००१ मध्ये बिटटोरेंट आणलं तेव्हाच त्यात देवाणघेवाणीचा हिशोब घातला. सॉफ्टवेअर साधारण दर १० सेकंदांनी बघतं की आपल्याला कोण जास्त देतंय, आणि त्या दोनचार जणांनाच तुकडे पुरवतं. बाकीचे ताटकळतात. दर ३० सेकंदांनी एखाद्या नवख्याला नशीब काढायची संधी मिळते, तेवढीच. अपलोड ५ केबीवर बांधून बसणारा म्हणजे भिशीचा हप्ता न भरता माझा नंबर कधी लागणार विचारणारा.

आणि १०० एमबीपीएस (मेगाबिट, मेगाबाइट नव्हे) म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, शंभर नाही. हे अजून सांगावं लागतं.

---

वायरमन_बी_लाइन

भिशी आवडली, पण उपमा अर्धीच लागू पडते. तो हिशोब असतो अर्धवट फाइल असलेल्या दोघांमध्ये. ज्याच्याकडे पूर्ण फाइल आहे, त्या सीडला तुमच्याकडून काय घ्यायचंय? काहीच नाही. तो कुणाला द्यायचं ते वेगळ्या निकषावर ठरवतो: कोण जास्त वेगानं घेऊ शकतो, किंवा सरळ पाळीपाळीनं. उबंटू या मोफत लिनक्सच्या टोरेंटवर सीडच सीड असतात, तिथे अपलोड शून्य ठेवलात तरी लाइन भरून डाउनलोड होईल. स्वतः करून बघा.

तेव्हा मेहुण्याचे ५ केबी हे वाईट वागणं असेल, पण त्याच्या रडगाण्याचं कारण तेच, हे सिद्ध होत नाही. नैतिक प्रवचन आणि निदान यांची खिचडी करू नका.

---

मुखेडचा_माधव

दादा, "पोर्ट बंद" हे तुम्ही आरोपाच्या सुरात लिहिलंय, म्हणून राहवलं नाही. आमच्याकडे पोर्ट उघडायची सोयच नाही. लोकल केबलवाला एकाच सार्वजनिक आयपीमागे (इंटरनेटवरच्या पत्त्यामागे) कितीतरी घरं बसवतो. सोसायटीचा पत्ता आहे, पण फ्लॅट नंबर कुणालाच ठाऊक नाही, कुरिअरवाला गेटवरूनच परत. मी राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केलं, यूपीएनपी (पोर्ट आपोआप उघडणारी सोय) चालू केलं, विंडोजच्या फायरवॉलमध्ये सूट दिली. काही फरक नाही, कारण खरं दार माझ्या घरात नाहीच.

ज्यांना बघायचंय त्यांनी राउटरच्या पानावर डब्ल्यूएएन आयपी (राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता) बघावा. १००.६४ ते १००.१२७ यांमधल्या आकड्यानं सुरू होत असेल, तर तुम्ही माझेच भाऊबंद. ही आकड्यांची पट्टी २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवली गेली. केबलवाल्याला स्टॅटिक आयपी (स्वतःचा कायमचा सार्वजनिक पत्ता) मागितला तर म्हणाला, "साहेब, कॅमेरे लावायचेत का?" टोरेंट म्हटलं तर हसला.

---

साडेतीन_शहाणा

@मुखेडचा_माधव: बंद पोर्टवरही टोरेंट चालतंच की. तुम्ही बाहेर जाऊन दुसऱ्याचं दार वाजवू शकता, फक्त तुमचं दार कुणी वाजवू शकत नाही. मग तक्रार कसली?

---

मुखेडचा_माधव

तक्रार ही की समोरचाही दार लावून बसला असेल, तर दोघांची भेटच होत नाही. ५०० सीड असतील तर कुणाला पडलीय? पण जिथे दोनच सीड आहेत आणि ते दोघंही माझ्यासारखेच केबलवाल्याच्या मागे आहेत, तिथे यादीत दोन सीड दिसतात आणि वेग शून्य. हल्ली काही सॉफ्टवेअरं तिसऱ्या, दोघांशी जोडलेल्या पीअरमार्फत (त्याच टोरेंटवरच्या माणसामार्फत) भिंतीला भोक पाडून जोडणी करून देतात. पण असा तिसरा भला माणूस हजर असावा लागतो, आणि असला तरी दर वेळी जमतंच असं नाही.

---

इव्हेंट_४२२६

हा धागा वाचून पुण्यातलं हॉस्टेल आठवलं. विंडोज एक्सपीचा सर्व्हिस पॅक २ आला २००४ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टनं अर्धवट (अजून उत्तर न आलेल्या) जोडण्यांवर १० ची मर्यादा घातली. मग आम्ही सगळे टीसीपीआयपी डॉट एसवायएस नावाची फाइल पॅच करत हिंडायचो. ज्याच्याकडे तो पॅच पेन ड्राइव्हवर असायचा, त्याला मेसमध्ये चहा फुकट! मुद्दा हा की ती मर्यादा कधीच गेली, पण "जोडण्या वाढवा, वेग वाढेल" हा मंत्र अजून जिवंत आहे. लोक क्यूबिटटोरेंट या टोरेंटच्या सॉफ्टवेअरमध्ये ५०० च्या जागी ५००० टाकतात आणि फुकटात मिळालेल्या राउटरचं जोडण्यांचं टेबल भरून जातं. मग टोरेंट तर जातंच, वर घरातल्यांची मालिकाही अडकते.

ट्रॅकरच्या (पीअरचे पत्ते देणाऱ्या सर्व्हरच्या) दीडशे ओळींच्या याद्या चिकटवणं हाही त्यातलाच प्रकार. सार्वजनिक टोरेंटला डीएचटी (पीअरनी आपापसांत चालवलेली पत्त्यांची वही) असतं, पीअर शोधायचं काम ते करतंच. कधीतरी एखादा जास्तीचा पीअर सापडतो, नाही असं नाही. पण सीडच नसेल तर यादी काय सीड जन्माला घालणार?

---

दिवेलागण

सगळे घरातल्या वायरी तपासताय, कंपनीला सोडून दिलंत. कंपन्या असं करत नाहीत असं समजू नका. अमेरिकेत कॉमकास्ट २००७ मध्ये बिटटोरेंटच्या जोडण्यांमध्ये खोटी रीसेट (जोडणी तोडा असं सांगणारी) पाकिटं घुसडताना सापडली. दोन्ही टोकांना वाटायचं, समोरच्यानंच फोन ठेवला. तिथल्या दूरसंचार आयोगानं २००८ मध्ये ते थांबवायचा आदेश दिला, आणि २०१० मध्ये न्यायालयानं तो आदेश रद्द केला, आयोगाला तसा अधिकारच नाही म्हणून. आपल्याकडे २०१८ मध्ये सरकारनं नेट न्यूट्रॅलिटीची (सगळ्या रहदारीला सारखी वागणूक देण्याची) तत्त्वं मान्य केली, म्हणजे अशी निवडक गळचेपी नियमात बसत नाही. पण गल्लीतल्या केबलवाल्याचं नेटवर्क कोण तपासायला जातंय?

माझा स्वतःचा अनुभव: आधीच्या कनेक्शनवर संध्याकाळी ८ नंतर टोरेंट गुडघे टेकायचं, व्हिडिओ मात्र गुळगुळीत. एन्क्रिप्शन (रहदारी सांकेतिक करणं) सक्तीचं केल्यावर थोडा फरक पडला.

---

वायरमन_बी_लाइन

@दिवेलागण ताई, व्हिडिओ गुळगुळीत असण्याचं साधं कारण असू शकतं. मोठ्या व्हिडिओ कंपन्यांचे सर्व्हर केबलवाल्याच्या नेटवर्कमध्येच किंवा अगदी शेजारी असतात. तुमचे पीअर असतात ब्राझील, पोलंड, कुठेही. संध्याकाळी बाहेर जाणारी लाइन तुंबली की पहिला मार त्यांना. ही कंजुषी आहे, गळचेपीच असेल असं नाही. पहाटे ५ ला तेच टोरेंट लावून बघा. पहाटे धावलं तर बाहेरची लाइन अपुरी आहे. पहाटेही एन्क्रिप्शनशिवाय रडलं आणि एन्क्रिप्शन लावल्यावर धावलं, तर मात्र मी तुमच्या बाजूनं तक्रार लिहायला येईन.

उलटा अनुभवही सांगतो. १ एमबीपीएसच्या प्लॅनच्या काळात आमच्या केबलवाल्याकडे टोरेंट प्लॅनपेक्षा कितीतरी जोरात यायचं, कारण त्याच्याच वायरीवरचे शेजारी पीअर असायचे आणि आतल्या रहदारीला त्यानं मर्यादा घातली नव्हती. तेव्हा कुणी तक्रार केली नाही.

---

पोर्टेबल_पाटील

एवढा काथ्याकूट कशाला? डेबियनची (हेही एक लिनक्सच) डीव्हीडी हवी तर जवळच्या मिररवरून (प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) सरळ उतरवा, पावणेचार जीबी, १०० च्या लाइनवर साडेपाच मिनिटं. टोरेंटचा जमाना गेला.

---

इव्हेंट_४२२६

पाटील, डेबियनपुरतं मान्य. पण ज्याचा मिररच नाही त्याचं काय करायचं? जुनी स्कॅन, कुणी चालवत नाही असले संग्रह.

डेबियनचा खरा उपयोग वेगळा आहे: तेच टोरेंटनं उतरवून बघायचं. तिथे वेग आला तर तुमची लाइन, राउटर, सॉफ्टवेअर बऱ्यापैकी ठीक, दुखणं त्या दुसऱ्या टोरेंटमध्ये. तिथेही रडलं तर घरात शोधा. ही पाच मिनिटांची परीक्षा न देता लोक सेटिंगशी महिनाभर खेळतात.

आणि डिस्क कुणीच काढली नाही. टोरेंटचे तुकडे वेडेवाकडे येतात, जुनी यूएसबीवरची हार्ड डिस्क त्यात धापा टाकते. वेग दर मिनिटाला शून्यावर पडून पुन्हा वर चढत असेल, तर आधी टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते का ते बघा.

---

साडेतीन_शहाणा

हिशोब देतो.

मेहुण्याचा डब्ल्यूएएन आयपी १००.७२ ने सुरू होतो. म्हणजे रविवारी मी फोनवरून दोन तास त्याच्याकडून राउटरशी जी झटापट करून घेतली ती पाण्यात. माधवराव, आरोप मागे. पण त्याच्या कनेक्शनला आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) आहे, आणि त्यात प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो. राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या एका पोर्टला वाट दिली आणि पिवळी ज्योत गेली. तुमच्या केबलवाल्याकडे आहे का विचारा.

लॅपटॉपला केबल लावली, २२ ची ३ केली, अपलोड २ एमबी. यातल्या कशानं किती फरक पडला हे सांगता येणार नाही, सगळं एकदम बदललं, हे माझं चुकलं. डेबियन ९ एमबीनं आलं.

अपलोडचं म्हणणं मात्र पूर्ण सोडत नाही. जिथे सीड कमी आणि अर्धवटवाले जास्त, तिथे भिशी लागू आहेच.

आता खरी रड. त्याला हवं होतं ते टोरेंट म्हणजे जुन्या व्हॉल्व रेडिओंच्या सर्किट आकृत्यांचा संग्रह, हौशी मंडळींनी स्कॅन केलेला (गडी रेडिओ दुरुस्त करतो). तो ९१.४ टक्क्यांवर येऊन थांबलाय. उपलब्धता ०.९१४. जोडलेल्या सगळ्यांचे तुकडे एकत्र केले तरी फाइल पूर्ण होत नाही.

---

पोर्टेबल_पाटील

म्हणजे एवढं करून शेवटी सीडच नाही. मग मी काय म्हणत होतो?

---

दिवेलागण

रेडिओच्या सर्किटांचा म्हणजे सोळा-सतरा जीबीचा, प्रत्येक कंपनीचं वेगळं फोल्डर असलेला का? तो असेल तर बाबांच्या जुन्या डिस्कवर पूर्ण आहे, त्यांनी टोरेंटवरूनच उतरवला होता. हॅश (टोरेंटची ओळखखूण) पाठवा, जुळला तर रात्री सीड लावते. संध्याकाळी ८ नंतर माझा वेग विचारू नका.