अनुभव धागा: मेट्रोचं काम तुमच्या दारातून गेलं तेव्हा

इंदूर मेट्रोची पायाभरणी 14 सप्टेंबर 2019 ला झाली. सुमारे 31 किलोमीटरच्या वर्तुळाकार मार्गातला पहिला, जेमतेम 6 किलोमीटरचा आणि पाच स्टेशनांचा तुकडा 31 मे 2025 ला, अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दी जयंतीच्या दिवशी सुरू झाला. स्टेशनांना अहिल्याबाई, लक्ष्मीबाई, दुर्गावती, अवंतीबाई, झलकारीबाई ही नावं दिली, ते मला मनापासून आवडलं. पण हा पहिला तुकडा सुपर कॉरिडॉर या रुंद रस्त्यावरचा, मोकळ्या जागेतला. भरवस्तीत काम आलं की काय होतं, ते विजयनगर, रेडिसन, रोबोट चौराह्याकडच्या लोकांनी सोसलंय. राजवाडा, मल्हारगंज, बडा गणपतीच्या लोकांपुढे ते यायचंय. मेट्रो हवी की नको, हा वाद इथे नको. तुमच्या दारात काय घडलं आणि कशानं निभावलं, ते लिहा.

विजयनगरहून, मेस चालवणारी

आमची मेस सर्व्हिस रोडला लागून. बॅरिकेड लागले आणि दुपारचं गिऱ्हाईक बघता बघता निम्म्यावर आलं. मुलांना यायचं होतं, पण गाडी लावायला जागाच उरली नाही. धूळ तर अशी की पोळ्यांचा डबा क्षणभर उघडा ठेवायची सोय नाही. पुढच्या दाराला ओली चादर लावली, शेगड्या आतल्या खोलीत हलवल्या. शेवटी मागच्या गल्लीतलं दार उघडलं आणि तिथून डबे द्यायला लागले, त्यावर तग धरला. शेजारच्या टेलरकाकांच्या दुकानाला मागचं दार नव्हतं. ते दुकान सोडून गेले. काम चालू असेपर्यंतच्या भाड्याचा भार तरी कुणीतरी उचलायला हवा होता, असं मला फार वाटतं. रस्ता सगळ्यांचा होणार, मग नुकसान एकट्यानं का सोसायचं?

रात्री आवाजानं झोप लागायची नाही, मग गच्चीवर जाऊन बघत बसायची. मेट्रोच्या खांबासाठीचा सळ्यांचा उंच पिंजरा क्रेननं उभा करताना चहूबाजूंनी माणसं दोऱ्या ताणून धरायची आणि खाली उभा असलेला एक जण क्रेनवाल्याला नुसत्या हाताच्या खुणांनी सांगायचा. त्या गोंगाटात ओरडून काही उपयोग नव्हता. पिंजरा जागेवर बसला की सगळे एकदम दोऱ्या सैल सोडायचे. ती पोरं बहुतेक बिहार-झारखंडकडची. पुढे त्यांच्यातले काही माझ्याकडेच जेवायला यायला लागले. पिठलं त्यांना फारसं रुचलं नाही, वरणभात मात्र मागून मागून घ्यायचे.

सुदामानगरहून, पाणीपुरवठ्यातून निवृत्त

ताई, त्या पिंजऱ्याच्या आधीचं काम लोकांना दिसत नाही आणि वेळ तिथेच जातो. खांबाची जागा ठरली की तिच्याखाली काय काय आहे ते शोधावं लागतं. यशवंतसागर तलावाच्या वेळच्या पाण्याच्या जुन्या लाइनी, 1978 नंतरच्या नर्मदेच्या पाण्याच्या, त्यात ड्रेनेज, विजेच्या आणि टेलिफोनच्या केबल. नकाशात लाइन एकीकडे असते, खणलं की दुसरीकडे सापडते. म्हणून आधी मजूर कुदळ-फावड्यानं चाचणीचे खड्डे घेतात, मशीन नंतर येतं. आपल्याकडे वर काळी माती, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. तिच्यावर भार टाकून चालत नाही, खालच्या काळ्या पाषाणापर्यंत जावं लागतं.

माझे काही मित्र म्हणतात, यापेक्षा ट्राम बरी होती. ट्रामचे रूळ रस्त्यातच बसतात. त्यामुळे रुळांखालच्या लाइनी आधी बाजूला न्याव्या लागतात, नाहीतर उद्या एक पाइप फुटला की दुरुस्तीसाठी ट्राम बंद. म्हणजे रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत उकरायचा. उन्नत मार्गाला तो त्रास मुख्यतः खांबांच्या आणि स्टेशनांच्या जागी. राजवाड्याकडे मेट्रो भुयारातून जाणार. भुयार खणणारं मशीन खोलून जातं, पण स्टेशनचा खड्डा बहुधा वरूनच घ्यावा लागतो. तिथे काळजी करायची ती त्याची.

मल्हारगंजहून

आमचा वाडा आजेसासऱ्यांच्या वेळचा, लाकडी खांब आणि मातीतलं विटकाम. सुदामानगरचे काका म्हणतात तो स्टेशनचा खड्डा आमच्या जवळपास आला तर, या विचारानं सासूबाई अस्वस्थ असतात. माहेरी रस्त्याच्या कामात घराला तडे गेले होते आणि ठेकेदारानं "हे आधीचेच" म्हणून हात वर केले. त्यामुळे इथे आतापासून तयारी केलीय. प्रत्येक खोलीचे, प्रत्येक तड्याचे फोटो, त्या दिवसाचं वर्तमानपत्र शेजारी धरून. मोठ्या तड्यांवर काचेची पट्टी प्लास्टरनं आडवी चिकटवलीय, वर तारीख घातलीय. भिंत हलली तर काच तडकते, मग वाद राहत नाही. गल्लीतल्या सगळ्यांनी हे करा. काम सुरू व्हायच्या आधी घरांची पाहणी मागा आणि तिची सही-शिक्क्याची प्रत घ्या.

छोटी ग्वालटोलीहून

रीगलजवळच्या राणी सरायच्या झाडांवर संध्याकाळी हजारो पोपट उतरतात. मेट्रो स्टेशनासाठी त्या झाडांवर कुऱ्हाड येणार म्हटल्यावर लोक तिथे धरणं धरून बसले, मीही गेलो. स्टेशन थोडं सरकवता येतं. इतक्या वर्षांचं झाड सरकवता येत नाही.

निरंजनपूरहून

मी 2013 पासून आय-बसनं, म्हणजे स्वतंत्र लेनमधून धावणाऱ्या शहर बसनं, ऑफिसला जात होते. साडेअकरा किलोमीटरची ती स्वतंत्र लेन काढून टाकायला फेब्रुवारी 2025 मध्ये हायकोर्टानं परवानगी दिली आणि रेलिंग निघायला लागलं. मेट्रो माझ्या ऑफिसपर्यंत येईल तेव्हा येईल, तोवर रोज जाणाऱ्यांनी काय करायचं? नवीन बांधताना जुनी सोय चालू ठेवा, एवढंच मागणं आहे.

गांधीनगरहून

पहिला आठवडा तिकीट नव्हतं, तेव्हा आजीला घेऊन गेलो. लिफ्ट, सपाट फलाट, गाडीत चढायला पायरी नाही. गुडघ्यांमुळे सिटी बस तिनं कधीच सोडली होती. परतताना म्हणाली, "राजवाड्यापर्यंत झाली की सांग, सराफ्यात जायचंय."

कालानीनगरहून

आमच्या अंगणात जुनी बोअरवेल आहे, आता कोरडी. भुयार आमच्याच रस्त्याखालून जाणार म्हणतात. याचं काही करावं लागतं का?

सुदामानगरहून

हो, आवर्जून कळवा. खोली, केसिंग (बोअरवेलच्या आतला पाइप) लोखंडी की पीव्हीसी, मोटर आत आहे का, सगळं लेखी द्या. बुजवलेली असली तरी द्या. मशीनच्या वाटेत लोखंडी केसिंग आलं तर पाती मोडू शकतात आणि बोअरवेलमधून चिखल-फेस वर अंगणात येऊ शकतो. शेजारच्यांनाही विचारा, पुष्कळदा बोअरवेलवर फरशी घातलेली असते आणि घरातल्यांनाही आठवत नाही.