१४ कोंबड्यांमागे २ कोंबडे: एक काढू का?

रानवाट:
माझ्या परसात १४ कोंबड्या आणि २ कोंबडे आहेत. दोघे एकाच खुडूक कोंबडीखाली निघालेले भाऊ. पाच महिने एकत्र चरले, एकाच दांडीवर झोपले. मग तुरे लाल झाले आणि आता रोज सकाळी खुराडं उघडलं की जुंपते. परवा एकाच्या तुऱ्यातून रक्त आलं. त्याहून मला वाईट वाटतं ते कोंबड्यांचं. दोघेही सारखे त्याच तीन-चार जणींवर चढतात. त्यांच्या पाठीवर पिसंच उरली नाहीत, कातडी उघडी पडलीय. माझं मत आता पक्कं होत चाललंय: परसात एकच कोंबडा असावा. नुसती अंडी हवी असतील तर तोही लागत नाही. नर नसला तरी कोंबडी अंडी घालतेच, त्यातून पिल्लू निघत नाही इतकंच. तुमचं काय म्हणणं?

उंबरठा:
घाई करू नका. माझ्याकडे एकच होता आणि ऐन उबवणीच्या हंगामात एका रात्रीत मेला. नराशी संग झाल्यावर कोंबडीची अंडी साधारण दोन आठवडे फळतात, त्यानंतरची सगळी पोकळ. नवीन पिल्लू वाढवून त्याचा नर व्हायला पाच-सहा महिने जातात. माझं ते वर्ष फुकट गेलं. शिवाय राखणीचं बघा. घार दिसली की कोंबडा एक आवाज काढतो, जमिनीवरून मांजर-कुत्रं आलं की वेगळाच. एक दाणे टिपत असला तरी दुसऱ्याची मान वर असते.

काडीकचरा:
उंबरठा, नुकसान तुमचं खरं, पण त्याची किंमत कोंबड्यांच्या पाठींनी का द्यायची? एका नरामागे ८ ते १० माद्या हा ढोबळ हिशेब. १४ मध्ये दोघे बसत नाहीत. आणि २१ दिवसांनी जी पिल्लं निघतात त्यांत जवळपास निम्मे नर असतात. आज दोन ठेवले, तर पुढच्या घाण्यातल्या पाचांना कोणत्या तोंडाने काढाल? नियम आधीच ठरवलेला बरा.

उंबरठा:
हिशेब जागेवरही असतो. अंगण मोठं असेल, दाणा-पाणी दोन ठिकाणी आणि मध्ये झुडपाचा आडोसा असेल, तर हरलेला नर दूर राहून जगतो. त्यांच्यात वरचा कोण, खालचा कोण हे एकदा ठरलं की भांडण ओसरतं. २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवलंय की एकत्र राहणाऱ्या कोंबड्यांत पहाटे वरचा आधी आरवतो, बाकीचे त्याच्यामागून क्रमाने. तुम्ही रोज मध्ये पडून सोडवत असाल तर ते ठरतच नाही.

काडीकचरा:
रक्त आल्यावर वाट बघत बसायचं नाही! दोन्ही पायांमागचे काटे आधी बघा. लांब आणि टोकदार असतील तर टोक घासून बोथट करा, आजच.

मोकळीक:
तिसरा मार्ग सांगते. एकाला कोंबड्यांपासून वेगळं, नजरेआड ठेवा. समोर मादी नसली की नर एकमेकांशी बरेच निभावतात; मी चार एकत्र ठेवलेत. मात्र वेगळा काढलेला पुन्हा कळपात सोडला की भांडण पहिल्यापासून सुरू होतं, तेव्हा आत-बाहेर करू नका.

रानवाट:
सोडवायला मी रोज धावते, ते चुकत होतं. पण अंगण लहान आहे, आडोसा करायला जागा नाही. एकाला वेगळं ठेवीन, पाठी भरून येईपर्यंत तरी. कुणाला ठेवू? थोरला दिसतो तो जिंकतो, पण दाणा मिळाला की स्वतःच गिळतो. हरणारा कुटकुट करून कोंबड्यांना बोलावतो, त्या टिपेपर्यंत थांबतो.

काडीकचरा:
बोलावणारा ठेवा.

उंबरठा:
यात माझं दुमत नाही. पण दुसऱ्याला देऊन टाकू नका, उबवणीचा हंगाम जाऊ द्या.